आजीची कन्नड कुठं गेली?

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीबरोबर मी कोल्हापुरातल्या एका शाळेत गेले होते. तिच्या साडेतीन वर्षांच्या लेकीच्या प्रवेशासाठी. समोरच्या बाईंनी मुलीला रंग विचारले, फळं विचारली, घरात कोण कोण असतं ते विचारलं. पोरीनं सगळं न अडखळता सांगितलं, फक्त मराठीत सांगितलं. मग बाई बहिणीकडं वळल्या. "घरी कोणती भाषा बोलता?" बहीण म्हणाली, "मराठीच की." बाईंनी अगदी आपुलकीनं सल्ला दिला, "आजपासून घरात इंग्रजीच ठेवा. दोन-दोन भाषा कानावर पडल्या की मुलं गोंधळतात. आजी-आजोबांनाही सांगून ठेवा."

त्या संध्याकाळपासून बहिणीच्या घरात "बेटा, हँड वॉश कर, मग ईट कर" सुरू झालं. बहीण बी.कॉम. आहे, पतसंस्थेत नोकरी करते, तिला इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं. पण इंग्रजीत तिला लाडीगोडी लावता येत नाही, गोष्ट रंगवून सांगता येत नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, रागवायला सुद्धा शब्द सापडत नाही मला." आणि पोरीनं तिला विचारलं होतं, "मम्मी, तू अशी का बोलायलीस?"

ते ऐकून मला चैन पडेना. मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. लहान मुलांच्या आणि भाषांच्या बाबतीत जे पाहिलं आहे, ते त्या बाईंच्या सल्ल्याच्या नेमकं उलटं आहे. आणि दुसरं म्हणजे, हा सल्ला आमच्या घरानं आधीही एकदा ऐकला होता. तेव्हा भाषा वेगळी होती.

माझी आजी कर्नाटकातल्या संकेश्वरच्या बाजूची. लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आली तेव्हा तिला मराठी कामापुरतंच यायचं. मी तिला ओळखते तोवर ती मराठीत जेवायला वाढत होती, मराठीत भांडत होती, भाजीवालीशी घासाघीस करत होती. पण नवरात्रात तिची बहीण अंबाबाईच्या दर्शनाला आली की दोघी माजघरात बसून रात्रभर कन्नडमध्ये बोलायच्या. आजीचा आवाजच बदलायचा. ती एरवीपेक्षा मोठ्यानं हसायची. सकाळी ती मावशीआजी आम्हा पोरांना विचारायची, "ऊट आत?" जेवण झालं का, असा त्याचा अर्थ. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ती "ऊठ आता" म्हणते, आणि मी पाटावरून उठून उभी राहायचे.

माझ्या वडिलांना कन्नड समजतं, बोलता येत नाही. आम्हा भावंडांना समजतही नाही. आजीनं मुलांशी कन्नड का बोललं नाही, हे मी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "शाळेतनं सांगितलं होतं, पोरांच्या मराठीत कानडी हेल येतोय, घरात बंद करा. आजोबांनी बंद केलं." सत्तर वर्षांपूर्वी मराठीसाठी कन्नड बंद झाली. आज इंग्रजीसाठी मराठी बंद करायची. सल्ला तोच, त्यामागची समजूतही तीच: मुलाचं डोकं म्हणजे एक लहानसं भांडं, त्यात नवं ओतायचं तर जुनं उपसून टाकलं पाहिजे. वडिलांना मराठी तर आलंच असतं, मंगळवार पेठेत वाढणाऱ्या पोराला मराठी येणार नाही तर काय येणार? कन्नड तेवढी गेली आणि तिच्या बदल्यात हातात काहीच आलं नाही.

ही समजूत एकट्या आपल्याकडचीच होती असं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतले विद्वानही दोन भाषा बोलणाऱ्या मुलांची बुद्धी मागे पडते असंच मानायचे. त्या काळच्या अनेक पाहण्यांत एका बाजूला नुकत्याच स्थलांतर करून आलेल्या गरीब घरांतली मुलं असायची आणि दुसऱ्या बाजूला सुस्थितीतली एकभाषी मुलं. गरिबीचा परिणाम भाषेच्या नावावर लिहिला जायचा. १९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल इथं एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या आर्थिक परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं निवडली आणि तुलना केली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारी मुलं बहुतेक चाचण्यांत एकभाषी मुलांच्या पुढे निघाली. तेव्हापासून या विषयाचा सूरच बदलला. आपल्याकडं मात्र शाळेच्या ऑफिसात अजून १९६२ च्या आधीचं चालू आहे.

बाळाच्या कानाबद्दलचा एक प्रयोग तर मराठी माणसानं मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण त्यात आपला 'त' आणि 'ट' आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हिंदीतल्या त आणि ट मधला फरक कानाला कळत नाही, दोन्ही एकच वाटतात. पण इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता! दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत त्यांचा तो कान बंद झाला, कारण घरात त्या आवाजांचा उपयोगच नव्हता. म्हणजे मूल जन्माला येतं ते कुठलीही भाषा ऐकायची तयारी करूनच, आणि वर्षाच्या आत घरात जे ऐकू येतं तेवढं ठेवून बाकीचं आवरून टाकतं. घरात दोन भाषा असतील तर ते दोन्ही ठेवतं.

मग ते "गोंधळणं" कशाला म्हणतात? मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळतं त्याला. "अम्मी, मेरेकू भाकरी नक्को" असं बागवान गल्लीतलं पोरगं म्हणतं तेव्हा ते गोंधळलेलं नसतं. त्याला भाकरी हवी की नको हे अगदी नीट ठाऊक असतं, आणि तेच पोरगं पाच मिनिटांनी माझ्यापाशी येऊन "बाई, मला भाकरी नको" असं म्हणतं. कुणाशी काय बोलायचं हे अडीच-तीन वर्षांच्या मुलाला कळायला लागतं. शिवाय तो 'नक्को' दखनीत, म्हणजे इकडच्या मुसलमान घरांतल्या बोलीत, गेलाय तो मराठीतूनच. दोन भाषांच्या घरातलं मूल एका भाषेत मोजलं तर त्याचे शब्द थोडे कमी भरतात हेही खरं. पण दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर ते इतरांच्या बरोबरीनं असतं. आपण एकाच भाषेचं माप लावतो आणि मुलाला मागे पडलेलं ठरवतो. एखादं मूल खरोखर उशिरा बोलत असेल तर त्याचे कान तपासावेत, वाचा-उपचार करणाऱ्याला दाखवावं. घरातली भाषा काढून घेऊन त्याचं बोलणं सुधारत नाही, त्याच्याशी मोकळेपणानं बोलणारी माणसं तेवढी कमी होतात.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन भाषा आल्या की मूल हुशार होतं, गणितात पुढे जातं, लक्ष एकाग्र होतं अशी वाक्यं हल्ली सर्रास ऐकू येतात. कॅनडातल्या एलेन बियालिस्टॉक यांच्या संशोधनानं या विचाराला बळ दिलं. त्यांचं म्हणणं असं, की दोन भाषांतून सतत एक निवडायची आणि दुसरी थोपवून धरायची सवय मेंदूला लागते आणि ती इतर कामांतही उपयोगी पडते. पण नंतर अनेकांना तो परिणाम तितका ठळक सापडला नाही, आणि त्यावर अजून वाद आहे. म्हणून हुशारीच्या आशेनं कुणी भाषा शिकवू नये असं मला वाटतं. आपल्याच देशातलं एक संशोधन मात्र मला फार मोलाचं वाटतं. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, २०१३ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकभाषी रुग्णांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला. आणि ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांच्यातही हा फरक होता. म्हणजे या भाषा कुठल्या क्लासमधून आलेल्या नव्हत्या. गल्लीतून, बाजारातून, शेजारणीकडून आलेल्या तेलुगू-दखनी-हिंदी होत्या. माझी आजी त्याच शाळेत शिकलेली.

मला मुद्दा मांडायचा आहे तो इथूनच: लहान मुलाला भाषा येते ती माणसाकडून.

अमेरिकेत सिअॅटलला पॅट्रिशिया कूल यांनी केलेला प्रयोग हेच दाखवतो. नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं चार आठवड्यांत बारा वेळा येऊन खेळली, पुस्तकं दाखवली, गप्पा मारल्या. ती बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. ती काहीही शिकली नाहीत. आता आपल्या घराघरांत काय चाललंय ते पाहा. पोरगं जेवत नाही म्हणून मोबाईलवर इंग्रजी कार्टून लावायचं, आणि मनाशी म्हणायचं, तेवढंच इंग्रजी कानावर पडतंय. पडतंय ते कानावरच. दोन घास भरवताना चिऊ-काऊची गोष्ट सांगणारी आजी शेजारी गप्प बसलेली असते, कारण तिला इंग्रजी येत नाही.

कोल्हापुरात तर माणसांची काय कमी? दिल्ली-पुण्याला बहुभाषिकतेवर परिसंवाद भरवावे लागत असतील, इथं पावलापावलावर भाषा आहे. कागल ओलांडलं की कर्नाटक. शिरोळ-गडहिंग्लजकडं असंख्य घरांत कन्नड आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात. चंदगडची बोली तर मराठी, कोकणी आणि कन्नड यांच्या मधल्या वाटेवर उभी आहे. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांच्या गर्दीत कर्नाटकातून आलेल्या भक्तांची कन्नड ऐकू येते. शाहूपुरीची गूळपेठ १८९५ मध्ये वसली, तिथल्या गुळाच्या व्यापारात गुजराती रुळली आहे. सराफांच्या गुजरीत बंगाली कारागीर बसलेत. इचलकरंजीत मागावर तेलुगू, राजस्थानी, हिंदी, कन्नड सगळं चालतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओडिशा-बिहारची पोरं भट्टीपुढं उभी आहेत.

आणि हे काही आजचं नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात जाऊन पाहावं. तिथले बरेचसे शिलालेख जुन्या कन्नडमध्ये आहेत आणि यादव राजा सिंघणाचा लेख संस्कृतमध्ये, नागरी लिपीत. ज्यांनी ते दगड घडवले त्यांना एकाच देवळात दोन भाषा ठेवताना अडचण वाटली नाही. शाहू महाराजांचं शिक्षण आधी राजकोटला आणि मग धारवाडला झालं. उत्तरेतून आलेले गवई उस्ताद अल्लादिया खाँ त्यांच्या आश्रयानं इथं राहिले. पुढं त्यांचा मुलगा भुर्जी खाँ यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूर यांनी तालीम घेतली. गुरू उर्दू-हिंदी बोलणारा, शिष्य धारवाडकडचा कन्नड, आणि गाव मराठी. सदलग्याला जन्मलेले आ. ने. उपाध्ये राजाराम कॉलेजात अर्धमागधी ही जुनी प्राकृत भाषा शिकवत आणि संशोधन इंग्रजीत लिहीत. पलीकडं धारवाडात दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जायची आणि ज्ञानपीठ त्यांना १९७३ मध्ये मिळालं ते कन्नड कवितेसाठी. यांपैकी कुणाची घरची भाषा दुसऱ्या भाषेच्या आड आली?

कन्नडचं नाव काढलं की आपल्याकडं एक जखम भळभळते, हे मला माहीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी-बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि तिकडच्या मराठी माणसावर झालेल्या कन्नडसक्तीच्या कथा आमच्या नात्यागोत्यातून घरापर्यंत आल्या आहेत. माझ्या आत्याच्या सासरी सातबारा मराठीत मिळावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं खेटे घालताना मी पाहिली आहेत. तो लढा न्याय्य आहे असंच माझं मत आहे. पण सरकारची सक्ती आणि आजीची भाषा या दोन गोष्टी आपण एका पारड्यात घातल्या. अण्णा, अक्का, अप्पा ही हाक मारताना आपण कन्नडच बोलतो. सुपारी फोडायचा अडकित्ता कन्नडमधून आलाय. सीमेवरच्या मराठी घरातल्या पोराला कन्नड उत्तम येत असेल तर त्याचं मराठीपण तसूभर कमी होत नाही, उलट कचेरीत आपला मराठीचा हक्क तो जास्त ठणकावून मागू शकतो.

सक्तीचा विषय निघालाच आहे तर पहिलीपासूनच्या हिंदीबद्दलही बोलते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये त्यात बदल केला आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केले. त्या तीन महिन्यांत मला अनेकांनी विचारलं, "तुम्ही तर जास्त भाषांच्या बाजूच्या, मग विरोध का?" विरोध यासाठी, की पहिलीच्या वर्गात काय चालतं ते मी रोज पाहते. सहा वर्षांचं मूल तेव्हा आपल्या तोंडातली भाषा कागदावर उतरवायला शिकत असतं. वेलांटी अजून उलटी पडत असते. त्याच वेळी त्याच्यासमोर इंग्रजीची दुसरी लिपी असते. त्यात आणखी एक पुस्तक, एक वही, एक तासिका आणि एक परीक्षा आणायची, आणि तीही अशा भाषेची जी त्याला सिनेमातून, क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून, फाउंड्रीतल्या शेजाऱ्याकडून आपोआप येणारच आहे. बोलायला शिकणं आणि परीक्षेसाठी वाचायला-लिहायला शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लहान वयाचा फायदा आहे तो कानाचा आणि जिभेचा. तो खेळातून, गाण्यांतून, माणसांतून घ्यावा. लिहिणं-वाचणं आधी एका भाषेत पक्कं होऊ द्यावं, मग ते दुसरीत लवकर जातं. कॅनडाचेच भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स हे गेली चार दशकं मांडत आले आहेत, आणि माझ्या वर्गात मी ते दरवर्षी पाहते: ज्याला मराठी उतारा वाचून त्यातलं 'का' आणि 'कसं' सांगता येतं, त्याला इंग्रजी धड्यातही तेच सांगायला वेळ लागत नाही. फक्त शब्द लागतात. ज्याला मराठीतच सांगता येत नाही, त्याला इंग्रजी शब्द देऊनही सांगता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्य तर आठवीपर्यंत, घरची भाषा शिक्षणाचं माध्यम असावी असंच म्हटलंय. कागदावर.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. कुठल्या तोंडानं म्हणू? कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजी व्याख्यानाला बसून रडलेली मुलगी मीच आहे. इंग्रजी हवीच, चांगली हवी, खेड्यातल्या पोरीलाही हवी. पण ती देणारं माणूस असं हवं, ज्याला त्या भाषेत मोकळेपणानं बोलता येतं. घरात कुणी सहज इंग्रजी बोलत असेल, एखादा काका परदेशात असेल, तर त्यानं मुलाशी खुशाल इंग्रजीतच बोलावं. घरात तसं कुणी नसेल तर ते काम शाळेचं. फी घेते ती शाळा, मग इंग्रजी शिकवायची जबाबदारी पतसंस्थेतून दमून आलेल्या आईवर का? आईनं आपल्या भाषेत भरपूर बोलावं. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसवून नेताना, रंकाळ्यावर फिरताना जे दिसेल त्यावर बोलावं. आईची मोडकी इंग्रजी वीस शब्दांत संपते. तिची मराठी संपत नाही. विचार करायला मूल त्या न संपणाऱ्या बोलण्यातून शिकतं.

आणि मराठी म्हणजे तरी कुठली? कोल्हापूरच्या बायका "मी आलो", "मी जातो" म्हणतात. मीही म्हणायचे. पुण्याला डी.एड.ला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात मुली हसल्या आणि मी 'आले-गेले' शिकले. शिकले ते बरंच झालं, वर्गात उभं राहून मला प्रमाण मराठी लागते. पण त्यानंतर बरीच वर्षं मी घरी आल्यावरसुद्धा आईशी 'आले-गेले' बोलायचे, आणि आई माझ्याशी पाहुण्यासारखी बोलायला लागली होती. तिनंच एकदा विचारलं, "घरात तरी आपल्यागत बोल की." माझ्या वर्गात एखादी पोर "बाई, मी पाणी पिऊन आलो" म्हणाली तर मी तिला चूक म्हणत नाही. लिहिताना 'आले' लिही म्हणते, का ते सांगते, आणि दोन्ही ठेव म्हणते. पोरं ठेवतात. त्यांना ते काही अवघड जात नाही. बोली आणि प्रमाणभाषा दोन्ही सांभाळणारं मूल दोन भाषांची कसरत तिथंच शिकायला लागतं.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडणीचा हंगाम होता. बीडकडच्या एका टोळीतली सात-आठ वर्षांची मुलगी आमच्या शाळेत आली. दोन आठवडे ती बोललीच नाही. हजेरीला फक्त हात वर करायची. बाकीची पोरं म्हणायची, "बाई, तिला मराठी येत नाही." एक दिवस तिच्या शेजारी बसून मी विचारलं, "तू आईला काय म्हणतेस?" बराच वेळ गेला. मग अगदी हळू म्हणाली, "याडी." घरी ती गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांची भाषा, बोलायची. मी फळ्यावर 'आई' लिहिलं आणि त्याशेजारी 'याडी' लिहिलं. तोच मागून एक जण ओरडला, "बाई, आमच्यात अव्वा!" तो शिरोळकडचा. मग 'अम्मी' आली. फाउंड्रीत काम करणाऱ्या ओडिया बापाचा पोरगा आपण होऊन फळ्यापाशी आला आणि म्हणाला, "बोऊ लिहा." फळा भरला. ती मुलगी फळ्याकडं बघत होती, आणि मधल्या सुट्टीत पोरींनी तिला घेरलं: 'पाणी'ला काय, 'भाकरी'ला काय, 'मैत्रीण'ला काय. संक्रांतीला तिळगूळ वाटताना ती माझ्याशी कोल्हापुरी मराठीत भांडत होती, तिला दोन वड्या कमी मिळाल्या म्हणून. मार्चअखेरीस टोळी परत गेली. त्या वर्गातली पोरं पुढं कितीतरी दिवस एकमेकांच्या आयांना 'याडी' म्हणत होती.

तो ओडिया मुलगाही मला आठवतो. पालकसभेला त्याची आई यायची, तिला मराठी अजिबात येत नव्हतं. मी बोलायचे ते तो तिला सांगायचा, तिचं मला सांगायचा. एकदा मी त्याची तक्रार केली, गृहपाठ करत नाही म्हणून. तो आईकडं वळला, क्षणभर थांबला, आणि मग बोलला. आईचा चेहरा उतरला, त्याअर्थी त्यानं जसंच्या तसं सांगितलं होतं. नऊ वर्षांचं पोर. दोन माणसांच्या मधे उभं राहून, कुणाला काय ठाऊक आहे आणि कुणाला काय कळायला हवं याचा विचार ते करत होतं. कुठल्याही चाचणीत हे मोजता येईल की नाही, मला माहीत नाही. पण दुसऱ्याच्या जागी जाऊन बघायची ही ताकद त्याला दोन भाषांनी दिली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अशी मुलं आपल्याकडं हजारोंनी आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणं देशातली सुमारे २६ टक्के माणसं दोन भाषा बोलतात आणि ७ टक्के तीन. आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे आकडे कमीच वाटतील. आणि तरीही शाळेच्या अर्जावर 'मातृभाषा' या रकान्यात एकच शब्द लिहायला जागा असते. मी तो रकाना भरताना पालकांना विचारते, "घरात आणखी काय बोलता?" बहुतेक जण आधी गप्प बसतात. मग खालच्या आवाजात, चोरी कबूल केल्यासारखं सांगतात: कानडी, बाई. वडारी, बाई. कैकाडी. आमचं असंच आपलं, मुसलमानी. मला त्या खालच्या आवाजाचं फार वाईट वाटतं. इंग्रजी येतं हे सांगताना कुणाचाच आवाज खाली जात नाही.

२०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोन्हींचा मला आनंद आहे. पण अभिजात भाषेच्या शाळेत कैकाडी बोलणाऱ्या पोरानं आवाज खाली घ्यायचा असेल, तर आजीच्या बाबतीत झालेली चूक आपण पुन्हा करतो आहोत, आणि या वेळी ती मराठीच्या नावावर जमा होईल. मराठी त्या मुलाला शिकवायचीच, उत्तम शिकवायची. त्याची कैकाडी न काढून घेता.

बहिणीनं त्या शाळेत प्रवेश घेतला. मी हट्ट धरला नाही, लेक तिची आहे. पण महिन्याभरानं घरातली इंग्रजी आपोआप गळून पडली, कारण ती बोलायला कुणालाच धीर राहिला नाही. आता शाळा इंग्रजी शिकवते आणि आई मराठी बोलते. भाची दोन्हीकडं मजेत आहे. शाळेतून आली की बाहुल्यांना रांगेत बसवते आणि त्यांना इंग्रजीत दटावते, आणि एखादी बाहुली पडली की "आगं बाई, लागलं व्हय?" म्हणत उचलून घेते.

माझे वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीत संकेश्वरहून त्यांची मावसबहीण आली होती, आठ दिवस राहिली. मी तिला म्हटलं, "आत्या, पोरीशी कन्नडच बोला, मराठी बोलूच नका." तिला आधी विचित्र वाटलं. "तिला काय कळंल?" म्हणाली. पण तिसऱ्या दिवशी भाची तिच्या मांडीवर बसून करंज्या मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु, आणि नाल्कुला अडली. तेव्हा आरामखुर्चीतून वडिलांनी डोळे न उघडताच पुढचं सांगितलं. नाल्कु, ऐदु, आरु. आम्ही सगळेच त्यांच्याकडं बघत राहिलो. आजवर कधी त्यांच्या तोंडून कन्नड शब्द आम्ही ऐकला नव्हता.